उतारावर चेन का पडते? डाउनहिल सायकलसाठी चेन गाईड निवडताना काय पाहायचं?

महाबळेश्वरहून निघालं की आंबेनळी घाट लागतो. पोलादपूरकडे उतरताना सायकलस्वाराला पायडल मारायची वेळ फार कमी येते. बोटं ब्रेकवर, नजर पुढच्या वळणावर आणि पाय नुसते टेकलेले. चेन पडते ती नेमकी अशाच वेळी, आणि पडल्याचं लगेच कळतही नाही. ते कळतं वळण संपल्यावर, वेग घेण्यासाठी पायडलवर जोर दिला की. पायाखाली काहीच विरोध लागत नाही, पाय झटकन खाली जातो आणि तोल बिघडतो.

सपाट रस्त्यावर चेन पडली तर फार तर हात काळे होतात. आंबेनळीत एका बाजूला डोंगराचा कडा आणि दुसऱ्या बाजूला सावित्रीच्या खोऱ्याकडे उतरणारी दरी आहे. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांना घेऊन निघालेली बस याच घाटात कोसळली होती. इथे चुकीला जागा किती कमी आहे, हे पोलादपूर-महाडच्या लोकांना वेगळं सांगावं लागत नाही.

चेन पडू नये म्हणून डाउनहिल सायकलला एक छोटा भाग लावतात, त्याला चेन गाईड म्हणतात. तो प्रत्येकाला लागतो का, आणि लागत असेल तर कोणता घ्यायचा, ते समजून घेऊ.

चेन उतारावरच का पडते?

पायडल मारताना चेनचा वरचा भाग ताणलेला असतो. ताणलेली चेन सहसा पडत नाही. उतारावर पाय थांबले की हा ताण जातो. खड्डा किंवा दगड आला की सैल चेन वर-खाली फटके खाते. मागच्या गियरचा दांडा, म्हणजे डेरेलर, धक्क्याने पुढे झुकतो आणि चेन आणखी सैल होते. अशी डोलणारी चेन क्रँकजवळच्या दातेरी चक्रावरून, म्हणजे चेनरिंगवरून, आत किंवा बाहेर घसरते.

चेन चेनरिंगवर येते ती वरच्या बाजूने. म्हणून बहुतेक गाईडचा मुख्य भाग चेनरिंगच्या माथ्यावर असतो. तो चेन पकडून ठेवत नाही. चेनच्या दोन्ही बाजूंना जेमतेम जागा सोडून उभा राहतो आणि ती तिरकी होऊ लागली की परत दातांवर ढकलतो.

गाईड घेण्याआधी काय तपासायचं?

चेन वारंवार पडत असेल तर दोष अनेकदा दुसरीकडेच असतो. गाईडवर पैसे घालण्याआधी चार गोष्टी पाहून घ्याव्यात.

पहिली, पुढे चेनरिंग किती आहेत? आपल्याकडच्या बऱ्याच माउंटन बाईकना पुढे दोन किंवा तीन चेनरिंग असतात. त्यांच्यावर पुढचा डेरेलर असतो आणि त्याचा पिंजरा काही प्रमाणात गाईडचंच काम करतो. अशा सायकलची चेन पडत असेल तर आधी त्या डेरेलरचे दोन मर्यादा-स्क्रू नीट लावून घ्यावेत. या लेखातली गाईड मुख्यतः पुढे एकच चेनरिंग असलेल्या सायकलसाठी आहेत.

दुसरी, चेनरिंगचे दात. एक जाड आणि एक बारीक असे आलटून-पालटून दात असलेली चेनरिंग चेनला चांगली धरून ठेवते. स्रॅम कंपनीने २०१२ मध्ये एक्सएक्स वन या संचातून ही रचना सर्वदूर नेली. दात झिजून टोकदार झाले असतील तर मात्र तिची पकड जाते.

तिसरी, डेरेलरमधला क्लच. क्लच असलेला डेरेलर धक्क्याने सहज पुढे झुकत नाही. शिमानोच्या अनेक डेरेलरवर क्लच चालू-बंद करायची छोटी कळ असते. मागचं चाक काढताना ती बंद केली जाते आणि नंतर चालू करायचं राहून जातं. उताराला लागण्याआधी ती पाहण्याची सवय ठेवावी.

चौथी, चेनची लांबी आणि झीज. चेन गरजेपेक्षा लांब असेल तर कोणतंही गाईड तिला फार काळ सांभाळू शकत नाही. झीज मोजायची पट्टी सायकल दुरुस्तीच्या दुकानात मिळते. ११ किंवा १२ गियरची चेन साधारण ०.५ टक्के आणि त्याहून कमी गियरची चेन ०.७५ टक्के ताणली गेली की बदलावी.

चेन गाईडचे प्रकार कोणते?

फक्त वरचं गाईड : चेनरिंगच्या माथ्यावर बसणारा छोटा प्लॅस्टिकचा पिंजरा. वजनाला हलका. चेनला एरवी स्पर्श करत नसल्याने पायडल जड होत नाही.

वरचं गाईड आणि बॅशगार्ड : वर पिंजरा आणि चेनरिंगच्या खाली कडक संरक्षक पट्टी. उंच दगडावर किंवा ओंडक्यावर सायकल आपटली तर दातांऐवजी ही पट्टी मार खाते.

पूर्ण गाईड : वर पिंजरा, खाली बॅशगार्ड आणि चेनचा खालचा भाग सांभाळणारी रोलर किंवा सरकपट्टी. चेन दोन ठिकाणी अडवली जाते. सुरक्षितता सर्वांत जास्त, पण वजन, आवाज आणि घर्षणही जास्त. दगडधोंड्यांच्या शर्यतीच्या ट्रॅकसाठी हे बनवलेलं असतं.

आपल्या फ्रेमवर कोणतं बसेल?

इथेच सर्वाधिक चुका होतात. गाईड कितीही चांगलं असलं तरी फ्रेमवर ते बसवायची जागाच नसेल तर उपयोग शून्य. म्हणून सायकल आडवी करून आधी क्रँकच्या मागे बघावं.

क्रँकचा अक्ष जिथून जातो त्या नळीभोवती, म्हणजे बॉटम ब्रॅकेटभोवती, तीन भोकं असलेले कान दिसले तर फ्रेमवर आयएससीजी बैठक आहे. तिचे जुनं आयएससीजी आणि आयएससीजी-०५ असे दोन प्रकार आहेत. ०५ मधल्या भोकांचं वर्तुळ मोठं असतं, त्यामुळे एकाचं गाईड दुसऱ्यावर थेट बसत नाही. खडतर उतारासाठी ही बैठक सर्वांत भक्कम. बॅशगार्ड हवा असेल तर हीच लागते असं धरून चालावं.

कान नसतील आणि बॉटम ब्रॅकेट आट्यांचं असेल, तर त्याच्या कपामागे दाबून बसणारी पट्टी मिळते. ती साधारण २.५ मिलिमीटर जागा घेते, म्हणून तिथला एक स्पेसर काढावा लागतो. ब्रॅकेट दाबून बसवलेलं, म्हणजे प्रेस-फिट असेल, तर ही सोय सहसा नसते.

तिसरा मार्ग सीटच्या नळीला क्लॅम्पने आवळायचं गाईड. नळीचा बाहेरचा व्यास मोजून घ्यावा. २८.६, ३१.८ आणि ३४.९ मिलिमीटर ही नेहमीची मापं. मात्र दोन्ही चाकांना सस्पेन्शन असलेल्या काही सायकलींमध्ये नळीच्या त्या भागात सस्पेन्शनचा सांधा येतो आणि क्लॅम्पला जागाच उरत नाही.

विकत घेताना आणखी दोन आकडे जुळवायचे. पहिला, चेनरिंगचे दात. गाईडवर त्याची कक्षा लिहिलेली असते, उदाहरणार्थ २८ ते ३६. दुसरा, चेनलाइन, म्हणजे फ्रेमच्या मध्यापासून चेनरिंगचं अंतर. हल्लीच्या बऱ्याच सायकलींत ते ५२ किंवा ५५ मिलिमीटर असतं. गाईड तितकं बाहेर सरकत नसेल तर चेन सतत घासत राहील. चेनरिंग अंडाकृती असेल तर माप तिच्या उंच बाजूने घ्यावं.

आंबेनळीसाठी कोणतं घ्यायचं?

आंबेनळी घाट हा डांबरी वाहता रस्ता आहे, डाउनहिलचा ट्रॅक नाही. महाबळेश्वर ते पोलादपूर हे सुमारे ४० किलोमीटर. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास, तर पोलादपूर जवळजवळ कोकणाच्या पातळीवर. एवढ्या उतारावर खड्डे, खडी आणि दरडीतून आलेले दगड भेटतात, पण उड्या आणि कातळ नसतात. इथे जाड-बारीक दातांची चेनरिंग आणि चालू क्लच असेल तर गाईडशिवायही भागतं. जास्तीची खात्री हवी असेल तर फक्त वरचं गाईड पुरतं. पूर्ण गाईड म्हणजे विनाकारण वजन.

कच्च्या, दगडी वाटांवर नियमित उतरणाऱ्यांनी वरचं गाईड आणि बॅशगार्ड घ्यावं. वनखात्याच्या हद्दीतली वाट असेल तर आधी परवानगीची चौकशी करावी. पूर्ण गाईडचा विचार शर्यतीत उतरणाऱ्यांनी करावा.

पावसाचा विचारही हवा. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. लाल चिखल बंद पिंजऱ्यात अडकला की चेन घासून झिजते. म्हणून आजूबाजूने उघडं, हत्याराशिवाय उघडून धुता येणारं गाईड आपल्याकडे सोयीचं. भर पावसात हा घाट टाळलेलाच बरा. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत दरडी कोसळून आणि रस्ता खचून तो बंद करावा लागला होता.

आणि पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर ते आधी ब्रेकच्या पॅडवर खर्च करावेत. चेनशिवाय घाट उतरता येतो, ब्रेकशिवाय नाही.

गाईड काय करू शकत नाही?

गाईड चेन पडण्यापासून वाचवतं, तुटण्यापासून नाही. २०१५ मध्ये ऑस्ट्रियातल्या लिओगांग इथे डाउनहिल विश्वचषकाच्या फेरीत अमेरिकेच्या आरोन ग्विनची चेन सुरुवातीलाच तुटली. एकदाही पायडल न मारता तो खाली आला आणि शर्यत जिंकला. ती कमाल त्याच्या कौशल्याची होती. वाहनं समोरून येणाऱ्या घाटात तसा प्रयोग कोणी करू नये.

बसवल्यावर काय पाहायचं?

सायकल टांगून सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान गियरवर चेन फिरवावी. ती पिंजऱ्याच्या कोणत्याही बाजूला घासता कामा नये. पिंजरा आणि दातांमध्ये दोन-तीन मिलिमीटर अंतर ठेवावं. मग पायडल उलटं फिरवून पाहावं. पहिल्या उतारानंतर स्क्रू पुन्हा आवळावेत, कारण धक्क्यांनी ते सैल होतात.

घाटात चेन पडलीच तर?

पायडल मारणं लगेच थांबवावं. खाली वाकून पाहू नये, नजर रस्त्यावरच ठेवावी. दोन्ही ब्रेक हळूहळू दाबत डाव्या कडेला यावं आणि वळणावर न थांबता सरळ, रुंद जागा पाहून थांबावं. मग मागचा डेरेलर हाताने पुढे ढकलावा, म्हणजे चेन सैल होते. ती चेनरिंगच्या खालच्या दातांवर चढवून क्रँक उलटा फिरवावा. बोटं दातांपासून दूर ठेवावीत. जाड दात चेनच्या रुंद कडीत बसलाय ना, हे पाहावं. एका दाताने चुकली तर चेन पुढच्या खड्ड्यात पुन्हा पडेल.

आणि एकाच फेरीत दोनदा पडली, तर पोलादपूरपर्यंत उरलेला उतार पायडल न मारता, सावकाश उतरावा. कारण शोधायचं काम खाली पोहोचल्यावर.