एक रत्तल आणि अर्धा आणा

१९ जानेवारी १८७७ रोजी मुंबई इलाख्यात दुष्काळी कामांवरची मजुरी कापली गेली. मामलेदार आणि असिस्टंट कलेक्टर यांच्या देखरेखीखाली जी कामे चालू होती, त्यांवर पुरुषाला तोवर एक रत्तल धान्याची किंमत आणि वर एक आणा मिळत असे. आता वरच्या आण्याचा अर्धा आणा झाला. बाईला एक रत्तलाची किंमत आणि पाव आणा, पोराला अर्ध्या रत्तलाची किंमत आणि पाव आणा. जेम्स कॅम्बेल यांनी संपादित केलेल्या मुंबई गॅझेटियरच्या दख्खनी जिल्ह्यांच्या खंडांत ही नोंद दोन-चार ओळींत आटोपते, आणि वाचणारा पुढच्या आकड्यांकडे जातो. पण त्या दुष्काळाविषयी शिल्लक राहिलेल्या कागदांत याहून बोलका कागद मला सापडलेला नाही, म्हणून आधी त्याचा हिशेब मांडतो.

रत्तल म्हणजे पौंड, सुमारे साडेचारशे ग्रॅम. धारण रुपयाला सोळा रत्तलांची असली की एक रत्तल ज्वारी एक आण्याला पडते. त्या धारणेला जुन्या दराने पुरुषाला दोन आणे मिळत, म्हणजे दोन रत्तल ज्वारी. नव्या दराने दीड आणा, म्हणजे दीड रत्तल. यातच मीठ, मिरची, सरपण आलं. दळण आलं. घरातलं जे माणूस कामावर येऊ शकत नाही त्याच्या तोंडचा घासही यातूनच काढायचा. आता समजा धारण आणखी चढली आणि रुपयाला आठच रत्तल मिळू लागली. सरकार म्हणे, मजुरी धारणेबरोबर वाढते. खरंच वाढे, पण पहिल्या रत्तलापुरती. वरचा अर्धा आणा अर्धाच राही आणि त्यात अर्ध्या रत्तलाऐवजी पाव रत्तल येई. महागाई वाढत जाईल तशी मजुरी आकड्यात वाढायची आणि पोटात कमी व्हायची. कोष्टक करणाऱ्याला हे दिसत नव्हतं असं मानणं कठीण आहे.

मजुरी का कापली, याचं कारणही त्याच कागदांत आहे. मामलेदारांच्या देखरेखीखालच्या कामांवर फार गर्दी झाली होती. दर कमी केला म्हणजे अंगात ताकद असलेली माणसं लांबच्या, बांधकाम खात्याच्या मोठ्या कामांवर जातील, अशी अपेक्षा होती. झालं उलटंच. हजारो माणसं कामं सोडून घरी गेली. सरकारी कागद याचा अर्थ असा लावतात की, ज्यांना काम सोडणं परवडलं ते खरे गरजू नव्हतेच. पुण्याच्या सार्वजनिक सभेने दुसरा अर्थ लावला. २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झालेल्या या सभेने गावोगावच्या आपल्या माणसांकडून खबरा मागवल्या आणि त्यांची दुष्काळ-निवेदनं करून सरकारकडे पाठवली. मजुरी कापल्यावर सभेने सरकारला सांगितलं की, तुरुंगातल्या कैद्यालासुद्धा याहून जास्त धान्य मिळतं. सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, १ जानेवारीच्या दिल्ली दरबाराला हातच्या सुताचे कपडे घालून गेले होते. त्यांची ती खादी आपण शाळेत वाचलेली असते, पण सभेची निवेदनं फारशी कोणी वाचलेली नसतात. माझ्या मते तेच तिचं मोठं काम. ज्या काळात दुष्काळाची एकच कैफियत, सरकारची, लिहिली गेली असती, त्या काळात सभेने दुसरी लिहून ठेवली. म्हणून आज दोन्ही समोरासमोर ठेवून वाचता येतात.

पाऊस गेला कुठे, हा प्रश्न वेगळा आहे. शके १७९८, म्हणजे १८७६ साली, खरिपाला पाऊस अपुरा झाला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तर पार दगा दिला. सोलापूर-कलादगीकडे सगळी भिस्त रब्बीवर. शाळूची पेरणी उत्तरा-हस्ताच्या पावसावर व्हायची, आणि तोच आला नाही. पुढच्या वर्षी, १८७७ मध्ये, उत्तर हिंदुस्थानात पावसाने ओढ दिली. त्याच दोन-तीन वर्षांत उत्तर चीनमध्ये शान्सी-हनान ओसाड पडले आणि ब्राझीलच्या सिआरा प्रांतात लोक गावं सोडून किनाऱ्याकडे निघाले. हे सगळं एकाच साखळीतलं आहे हे सोलापूरच्या कुणब्याला किंवा मुंबईच्या गव्हर्नरला कळणं शक्य नव्हतं. पण साखळीची एक कडी मुंबईतच नोंदली जात होती, आणि ही गोष्ट मला विलक्षण वाटते. कुलाब्याच्या वेधशाळेत वायुभारमापक रोज वाचला जात होता. १८७५ साली हिंदुस्थानचं हवामान खातं सुरू झालं होतं आणि हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख होते. पश्चिम हिंदुस्थानचे हवामान अधिकारी फ्रेडरिक चेंबर्स यांनी १८८० मध्ये 'नेचर'मध्ये लिहून दाखवलं की हवेच्या दाबातले हे चढउतार एकट्या मुंबईचे नाहीत, पार बटाव्हियापर्यंतच्या ठाण्यांचे आकडे त्यांच्याशी जुळतात. कारण मात्र ते सूर्यावरच्या डागांत शोधत राहिले. गिल्बर्ट वॉकर यांनी या झोक्याला नाव दिलं ते १९२० च्या दशकात, आणि प्रशांत महासागराच्या तापलेल्या पाण्याशी त्याचा सांधा जुळला तो त्याच्याही पुष्कळ नंतर. १८७७-७८ चा एल निनो नोंद असलेल्या सर्वांत तीव्र एल निनोंपैकी एक, असं आज शास्त्रज्ञ मानतात.

म्हणजे पाऊस न पडण्याचा दोष कोणाच्या माथी मारता येत नाही. पण पाऊस न पडणं आणि माणूस उपाशी मरणं यांच्यात बरंच अंतर असतं, आणि ते अंतर माणसांनी भरलं. त्याचा पुरावा दुष्काळाच्या आधीच्या कागदांत आहे.

१२ मे १८७५ रोजी, दुष्काळाच्या सव्वा वर्ष आधी, भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांच्या घरांवर हल्ला केला. त्यांना हवे होते ते कागद. कर्जरोखे, गहाणखतं, वह्या काढून त्यांनी जाळल्या. हा दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला आणि सरकारने कमिशन नेमलं. त्या कमिशनचा अहवाल म्हणजे दख्खनच्या शेतकऱ्याची त्याआधीच्या पंधरा वर्षांची कुंडलीच आहे. अमेरिकेत १८६१ ला यादवी पेटली, मँचेस्टरला तिकडचा कापूस मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आगगाडी १८६० मध्येच सोलापूरला पोचली होती. सावकार मागेल त्याला कर्ज देऊ लागला, कारण तारण असलेल्या जमिनीचं मोल वाढत होतं. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि भाव कोसळले. नेमक्या त्याच सुमारास तीस वर्षांची जुनी जमाबंदी संपून फेरआकारणी सुरू झाली, पहिली इंदापूर तालुक्यात, आणि चढत्या भावांच्या वर्षांकडे पाहून सारा वाढवला गेला. भाव उतरले, सारा चढला, सावकाराने हात आखडला. १८७६ चा पाऊस गेला तेव्हा कुणब्याची पेवं तर रिकामी होतीच, पत त्याच्याही आधी संपली होती.

आता या पार्श्वभूमीवर जानेवारी १८७७ कडे परत या. धान्य बाजारात नव्हतं असं नाही. व्यापाऱ्यांनी आगगाडीने दख्खनात पुष्कळ धान्य आणलं, आणि खासगी व्यापारात हात न घालण्याचं आपलं धोरण योग्य ठरलं असं सरकारने त्यावरून मानलं. पण ते विकत घ्यायला लागणारा पैसा कुणब्याच्या हाती यायला दुष्काळी कामाखेरीज दुसरी वाट उरली नव्हती. ती वाट अर्ध्या आण्याने अरुंद केली गेली.

हे टाळता आलं असतं का? याचं उत्तर ज्यांच्याकडे होतं तेच सर रिचर्ड टेम्पल त्या जानेवारीत व्हाइसरॉय लिटन यांचे दूत म्हणून दुष्काळी मुलखात फिरत होते. १८७३-७४ मध्ये बिहारात दुष्काळ पडला तेव्हा टेम्पल यांनीच ब्रह्मदेशातून तांदूळ आणवला, माणसं वाचवली, आणि वायफळ खर्च केला म्हणून सरकारातल्याच लोकांचे बोल ऐकले. मद्रासेत ते गेले ते काटकसर करायला. तिथेही पुरुषाला दिवसाला एक रत्तल धान्य आणि एक आणा असा दर त्यांनी ठरवला. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी लेखी विरोध केला की, मेहनतीचं काम करणारं शरीर एवढ्यावर टिकत नाही. ही मजुरी इतिहासात टेम्पल यांच्या नावानेच ओळखली जाते. त्याच वर्षी ते मुंबईचे गव्हर्नर झाले. माझा निवाडा एवढाच आहे: बिहारने सिद्ध केलं होतं की पावसाविना माणसं जगवता येतात. तीन वर्षांनी दख्खनात तसं केलं गेलं नाही, कारण तसं करायचं नाही असं ठरलं होतं.

सरकार आणि सभा यांच्या कागदांत माणसं संख्येने येतात. त्यांना जवळून पाहायचं तर एक पत्र आहे. सावित्रीबाई फुले यांनी २० एप्रिल १८७७ रोजी जुन्नरजवळच्या ओतूरहून जोतीरावांना लिहिलेलं. त्या तिथे सत्यशोधकांबरोबर दुष्काळाच्या कामाला गेल्या होत्या. गुरं तडफडून पडतायत, चारा नाही, पाणी नाही, लोक पोटची पोरं विकून मुलूख सोडतायत, हे त्यांनी लिहिलं आहे. मग सावकारांविरुद्ध उठलेल्या लोकांवर पोलीस आले, पन्नास सत्यशोधक धरले गेले, आणि सावित्रीबाई स्वतः कलेक्टरपुढे उभ्या राहिल्या. माणसं सुटली, आणि कलेक्टरने ज्वारीच्या चार गाड्या पाठवल्या. चार गाड्या! एका साऱ्या तालुक्याच्या भुकेपुढे ते धान्य किती, हे सावित्रीबाईंना ठाऊक असणारच. तरी त्यांनी त्या चार गाड्या मोजून लिहिल्या. पुढच्या महिन्यात जोतीरावांनी सत्यशोधक समाजाच्या वतीने मदतीची हाक दिली, आणि धनकवडीच्या छावणीत भुकेल्या पोरांना भाकरी मिळू लागली.

मेलेल्यांची मोजदाद १८८० च्या दुष्काळ कमिशनने केली. एकट्या मुंबई इलाख्यात सुमारे आठ लाख, ब्रिटिश मुलखात सगळे मिळून पन्नास लाखांहून जास्त. सोलापूर जिल्ह्यात १८७२ च्या खानेसुमारीत सुमारे ७ लाख १९ हजार माणसं होती. १८८१ मध्ये ५ लाख ८२ हजार भरली. शंभरातली एकोणीस कमी. त्यांतली काही निजामाच्या मुलखात, वऱ्हाडात गेली असतील, पण नऊ वर्षांत जी नवी माणसं वाढायला हवी होती तीही या तुटीत धरावी लागतात.

पुढे १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा झाला. दुष्काळ कमिशनच्या अहवालातून दुष्काळसंहिता निघाली. दौंड-मनमाड लोहमार्गाचं मातीकाम आणि नीरेच्या डाव्या कालव्याची सुरुवात याच दुष्काळी कामांतून झाली. कालव्याला १८८५ मध्ये पाणी सुटलं, आणि बारामतीकडची शेती आजही त्यावर भिजते. त्या भरावावर, त्या पाटात, दुष्काळी मजुरीवर घमेली वाहिलेली माणसं आहेत. मस्टरवर त्यांची नावं नक्की चढली असणार, कारण रोजची मजुरी हिशेबावाचून वाटली जात नव्हती.

म्हणून वाचकांना एक विनंती. पुणे, सोलापूर, सातारा, नगर या जिल्ह्यांतल्या जुन्या वाड्यांत, कुलकर्ण्यांच्या आणि सावकारांच्या वंशजांकडे, शके १७९८-१८०० मधले मोडी कागद अजून गाठोड्यांत बांधलेले असतात. घर पाडताना ते रद्दीत घालू नका, जाळू नका. पुण्याचं पुरालेखागार किंवा भारत इतिहास संशोधक मंडळ यांच्याकडे नेऊन द्या. त्यात धारणेचा एखादा आकडा असेल, कर्जाचा एखादा रोखा असेल, गाव सोडून गेलेल्या एखाद्या घराचं नाव असेल.