दुनळीवरची अक्षरं

आमच्या घरात एक बंदूक आहे. अर्थात गेली दोन वर्षं ती घरात नाही, नागपूरच्या एका परवानाधारक दुकानदाराच्या कपाटात आहे. आबा गेले आणि त्यांच्याबरोबर त्यांचा परवानाही संपला. वारसाच्या नावे नवा परवाना होईपर्यंत हत्यार जमा करावं लागतं, तसं मोठेबाबांनी ते केलं. बारा बोअरची दुनळी, दोन नळ्या शेजारी शेजारी, अक्रोडाचा दस्ता. दस्त्याच्या खालच्या बाजूला चांदीची लंबगोल पट्टी आहे आणि तिच्यावर माझ्या पणजोबांचं नाव, खाली ‘दिल्ली दरबार स. १९०३’.

शहापूरच्या घरी मी लहानपणापासून ऐकत आलेली गोष्ट या पट्टीवरून सुरू होते. पणजोबा मालगुजार होते. लॉर्ड कर्झनने दिल्लीत दरबार भरवला, तेव्हा डेप्युटी कमिशनर साहेबाने खूश होऊन त्यांना ही बंदूक दिली. गोष्टीत कधी साहेब स्वतः घरी यायचा, कधी पणजोबा दिल्लीला जायचे. बंदूक मात्र तीच असायची आणि सालही तेच.

यंदा परवान्याच्या कागदपत्रांची वेळ आली, तेव्हा एका ओळखीच्याने मोठेबाबांच्या डोक्यात भरवलं, की दरबारची बंदूक असल्याचं सिद्ध झालं तर शौकीन लोक चांगली किंमत देतात. नळ्यांच्या मधल्या पट्टीवरचं कंपनीचं नाव झिजलंय, तेवढं पुन्हा कोरून घ्या, असा सल्लाही त्याने दिला. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. घरात ‘नेटवर शोधून दे’ हे खातं माझ्याकडे आहे, म्हणून फोन मला आला.

पहिलं उत्तर सोपं होतं. नाव पुन्हा कोरायचं नाही. शस्त्र कायदा, १९५९ चं कलम ८ बंदुकीवरचं नाव, क्रमांक किंवा ओळखखूण खोडायला, बदलायला, खोटी घालायला मनाई करतं. चांगल्या हेतूने केलेली ‘दुरुस्ती’सुद्धा अंगाशी येऊ शकते. दुसऱ्या प्रश्नाला मात्र वेळ लागला. पट्टीवरची अक्षरं खरं बोलतात का?

दुकानदाराने बंदूक उघडून, रिकामी असल्याची खात्री करून टेबलावर ठेवली. मी फोनला लावायची मॅक्रो लेन्स नेली होती. मोठेबाबा शेजारी बसले होते. ते म्हणाले, “तू कम्प्युटरवाला, तुले बंदुकीतलं काय समजते?” खरं होतं. पण वाचून गेलो होतो, आणि सुदैवाने जुनी इंग्रजी बंदूक स्वतःबद्दल पुष्कळ काही लिहून ठेवते. फक्त कुठलं लिखाण कोणाच्या हातचं, हे ओळखावं लागतं.

मधल्या पट्टीवरचं नाव झिजलं असलं तरी तिरप्या उजेडात वाचता आलं: आर्मी अँड नेव्ही सी. एस. एल. हे बंदूक बनवणाऱ्याचं नाव नव्हे. आर्मी अँड नेव्ही कोऑपरेटिव्ह सोसायटी हे लंडनचं दुकान. १८७१ मध्ये लष्करी आणि नौदलातल्या अधिकाऱ्यांनी माल घाऊक भावात मिळावा म्हणून ते काढलं. वारुणीपासून तंबूपर्यंत सगळं तिथे मिळे. १८९१ मध्ये त्यांनी मुंबईत शाखा काढली. काळा घोड्याजवळची आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग अजून उभी आहे. बंदुका ते स्वतः घडवत नसत, बर्मिंगहॅमच्या कारखान्यांकडून बनवून घेत आणि आपलं नाव घालत. कलकत्त्याची रॉडा कंपनीही असंच करी. १९१४ च्या ऑगस्टमध्ये बंगाली क्रांतिकारकांनी जिची माउझर पिस्तुलं पळवली, तीच ही रॉडा. तेव्हा पट्टीवरचं नाव विकणाऱ्याचं असू शकतं, घडवणाऱ्याचं नसेलही. १९३४ मध्ये सोसायटीचं नाव बदलून आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स झालं. म्हणजे ‘सी. एस. एल.’ असलेली बंदूक त्याच्या आधीची. इथवर गोष्टीला धक्का नव्हता.

यंत्रणा ॲन्सन आणि डीली पद्धतीची होती, म्हणजे घोडे बाहेर न दिसणारी, आत लपवलेली. वेस्टली रिचर्ड्सच्या या दोन माणसांनी १८७५ मध्ये तिचं पेटंट घेतलं. तर बंदूक १८७५ च्या नंतरची, १९३४ च्या आधीची. अजूनही १९०३ मध्ये बसतं.

मग नळ्या काढून उलट्या केल्या. नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर, बंदूक जोडलेली असताना कधीच दिसत नाही अशा जागी, ठसे होते. ही प्रूफची खूण. इंग्लंडमध्ये कुठलीही नळी विकण्यापूर्वी तिच्यात नेहमीपेक्षा जास्त दारू भरून उडवून पाहावी लागे. फुटली नाही, फुगली नाही, तर सरकारमान्य प्रूफ हाऊस तिच्यावर ठसा मारी. लंडनमध्ये हे काम १६३७ ची सनद असलेल्या गनमेकर्स कंपनीकडे होतं, तर बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३ च्या कायद्याने उभं राहिलं. नियम दर काही वर्षांनी बदलत आणि नियमांबरोबर ठसेही बदलत. १९०४ पूर्वी बर्मिंगहॅमचा ठसा म्हणजे मुकुट, त्याखाली एकमेकांवर तिरपे ठेवलेले दोन राजदंड आणि मधल्या जागेत अक्षरं. १९०४ मध्ये हे राजदंड गेले आणि साधा मुकुट व त्याखाली ‘बीव्ही’, ‘बीपी’ अशी रोमन अक्षरं आली. बिनधुराच्या नव्या दारूची चाचणी झाली असेल तर मुकुटाखाली ‘एनपी’.

आमच्या नळ्यांवर राजदंड नव्हते. मुकुट होता, बीव्ही होतं, बीपी होतं, एनपी होतं. शेजारी चौकटच्या पानासारखा चौकोन, त्यात १२ आणि सी. हा काडतुसाच्या खोलीचा माप-ठसा १८८७ च्या नियमांनी आला. १९२५ च्या नियमांनंतर त्यात खोलीची लांबीही इंचांत येऊ लागली, ती आमच्याकडे नव्हती. म्हणजे ही नळी १९०४ ते १९२५ च्या मधली. १ जानेवारी १९०३ ला कर्झनने दरबार भरवला, तेव्हा ती अस्तित्वातच नव्हती.

नळ्या मागाहून बदलल्या असतील, ही शंका मलाही आली. पण नळ्यांवर, मधल्या पोलादी भागावर आणि पुढच्या लाकडाच्या लोखंडावर क्रमांक एकच होता, त्याच ठशांनी मारलेला. पोलादावरची नक्षीही मूळचीच होती. अशी नक्षी पोलाद मऊ असताना छिन्नीने कोरतात आणि मग हाडांच्या कोळशात भाजून वरचा थर कडक करतात. त्या भाजण्यातून निळे, तपकिरी, राखी डाग उमटतात. मागाहून कोरलं तर रेषेत ते रंग सापडत नाहीत. आमच्याकडे कोपऱ्याकोपऱ्यात रंग शिल्लक होते आणि नक्षीच्या खोल रेषांतही उतरलेले होते. स्क्रूच्या डोक्यांवरून वेलबुट्टी न तुटता पुढे जात होती. बंदूक अस्सल होती, एकसंध होती. फक्त तिचं साल वेगळं होतं.

आमच्या कामात एक साधा नियम असतो. वापरकर्त्याने स्वतः भरलेली तारीख आणि यंत्रणेने नोंदवलेली वेळ जुळली नाही, तर दुसरीवर आधी विश्वास ठेवायचा. प्रूफचा ठसा तिऱ्हाइताने मारलेला असतो. चांदीची पट्टी घरच्यांनी लिहिलेली.

पट्टी लेन्सखाली घेतली. इंग्रजी खोदकाम करणारा हत्यार ढकलत नेतो, त्यामुळे त्याची रेष सलग आणि चकचकीत असते. पट्टीवरची अक्षरं तशी नव्हती. प्रत्येक अक्षर बारीक बारीक टोच्यांचं बनलेलं, हातोडीने छिन्नीवर ठोकत ठोकत नेलेलं. शिवाय पट्टीवर जुने ओरखडे होते आणि अक्षरांच्या कडेला वर आलेला धातू त्या ओरखड्यांवर चढलेला होता. आधी बरीच वर्षं बंदूक हाताळली गेली, मग अक्षरं पडली.

असं टोच्यांचं काम कुठे पाहिलं, हे आठवायला नागपूर ते शहापूर एवढा रस्ता लागला. भंडारा पितळेच्या भांड्यांचं गाव. भांड्यावर नाव घालून देणारा माणूस असा हातोडी-छिन्नीनेच अक्षरं पाडतो. आजीच्या स्वयंपाकघरात पाण्याचा पितळी गुंड आहे. त्यावर पणजोबांचं नाव आणि ‘स. १९५२’. मी पट्टीचा फोटो शेजारी धरला. ‘स’नंतरचा टिंब खाली घसरलेला, ‘९’ची शेपूट एकाच तिरप्या टोच्याची. दोन्हीकडे तसंच. हात एकच होता असं शपथेवर सांगणार नाही. पण माझं मन ठरलं.

आणि १९५२ म्हटलं की मला त्याच्या आधलं वर्ष दिसतं. मध्य प्रदेशचा मालकी हक्क नष्ट करणारा कायदा १९५० चा, आपला जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात. ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी संपली. गाव गेलं, वसुली गेली, तलाव गेले. आजही आपल्याकडे त्यांना मामा तलाव म्हणतात, माजी मालगुजारी तलाव. ज्या तलावांवर थंडीत बदकांची शिकार करायला ही बंदूक निघत असे, ते आता पणजोबांचे नव्हते. बंदूक तेवढी राहिली.

तिच्यावर दरबार का कोरला असेल, हे इतिहास पाहिला की कळतं. १८७८ च्या लिटनच्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगायला बंदी केली, युरोपियनांना मात्र मोकळीक ठेवली. राष्ट्रीय सभेने सुरुवातीच्या अधिवेशनांतच याविरुद्ध ठराव केले. हिंदी लोकांतही काही पदवीधारक आणि मोठे जमीनदार यांना सूट मिळे. त्यामुळे कोणाच्या खुंटीवर बंदूक आहे, यावरून गावात माणसाची पायरी ठरे. आमच्या खुंटीवरची बंदूक वेठीला येणाऱ्या कुळांनीही पाहिली असणार. ती बदकांवर चालली, पण धाक माणसांना बसला असेल, हे मला आता सोडून देता येत नाही. घरच्या गोष्टीत साहेब होता, दिल्ली होती, कुळं कधीच नव्हती.

ती बंदूक बहुधा एखाद्या साहेबाकडून जुनी विकत घेतलेली असेल. पायरी गेल्यावर पणजोबांनी ती चांदीवर लिहून घेतली, असं मला वाटतं. फसवायला नाही. फसवायचं असतं तर इंग्रजीत लिहून घेतलं असतं.

मोठेबाबांना हे सांगणं जड गेलं. ते बराच वेळ गुंडाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे आबानं आमाले खोटं सांगतलं?” मी म्हटलं, आबांनाही कोणीतरी सांगितलंच होतं. आबा जन्मले तेव्हा ही बंदूक घरात होती का, हेच आता विचारायला कोणी नाही. आजी आतून म्हणाली, “पट्टी काढू नका पन.”

पट्टी काढलेली नाही. अर्जात आम्ही दुनळी, बारा बोअर, मधल्या पट्टीवरचं नाव आणि क्रमांक एवढंच लिहिलं. दरबाराचा रकाना अर्जात नसतोच. विकायचा विषय मोठेबाबांनी पुन्हा काढला नाही. परवाना झाला तरी ती आता कशावर चालणार? १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार संपली. शेजारच्या जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत बारूद आजही तयार होते, पण आमची दुनळी परत आली तर भिंतीवरच राहील.

गुंडात आजी अजून पाणी भरते. चिंचेने घासून घासून त्यावरचं नाव पुसट होत चाललंय. ‘स. १९५२’ मात्र अजून वाचता येतं.