दीर्घिकांचा हिशेब मांडणाऱ्या बिआट्रिस

लोहाराच्या भट्टीतलं लोखंड आपण पाहिलेलं आहे. आधी लाल होतं, मग पिवळं, फार तापलं की पांढरं. ताऱ्यांचंही तसंच असतं. लालसर तारा त्या मानाने थंड, निळसर पांढरा सर्वांत तप्त. हे मोठे निळे तारे भारी उधळे. आपला सूर्य सुमारे 1000 कोटी वर्षं पुरेल, पण हे काही लाख ते काही कोटी वर्षांतच जळून संपतात. म्हणून जिथे निळा उजेड, तिथे तारे नुकतेच जन्मलेले.

अब्जावधी ताऱ्यांच्या गावाला दीर्घिका म्हणतात. लांबच्या दीर्घिकेतले तारे सुटे दिसत नाहीत, सगळ्यांचा मिळून एकच अंधूक ठिपका दिसतो. त्या ठिपक्यातून ताऱ्यांचं वय कसं ओळखायचं? हे काम पुढे नेलं बिआट्रिस टिन्स्ली यांनी.

त्यांचा जन्म 1941 चा, इंग्लंडमधला. वाढल्या न्यूझीलंडमध्ये. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीपायी अमेरिकेत डॅलसला आल्या. विद्यापीठ मात्र ऑस्टिनला, तीनशेएक किलोमीटर दूर. तेवढी ये-जा करून त्यांनी तीन वर्षांच्या आत पीएच.डी. पुरी केली.

त्यांनी केलं काय, तर आपल्या गटाच्या वहीसारखा जमा-खर्च मांडला. वायू किती शिल्लक, त्यातून तारे किती जन्मले, किती विझले, आणि त्यामुळे दीर्घिकेचा रंग नि उजेड दर काळात किती बदलला. तोवर मोठमोठे शास्त्रज्ञ दीर्घिकांचा उजेड जवळपास कायम धरून विश्वाची मापं काढत होते. ही तरुण बाई म्हणाली, माप चुकतंय, दीर्घिकाही वयात येतात. ते पटायला लोकांना वेळ लागला.

आपल्या पुण्यातल्या आयुकाच्या संशोधकांनी 2020 साली ॲस्ट्रोसॅट या भारतीय दुर्बिणीतून एका दीर्घिकेच्या तरुण ताऱ्यांचा अतिनील प्रकाश टिपल्याचं जाहीर केलं. तो 930 कोटी वर्षं वाटेत होता. अशा उजेडातून तारे ओळखताना आजही तसाच हिशेब मांडतात.

बिआट्रिस यांनी दोन मुलं दत्तक घेतली होती. घर, मुलं सांभाळून संशोधन चालू होतं, पण डॅलसमध्ये त्यांना कायमची नोकरी काही मिळाली नाही. 1974 साली त्यांनी घर सोडलं, मुलं वडिलांकडे राहिली. लोक काय बोलले असतील, ते आपल्याला वेगळं सांगायला नको. आम्हीही यावर बोलायला बसलो तेव्हा दोन तट पडले. त्यांना ते सोपं गेलं असेल, असं मात्र आमच्यातली एकही म्हणाली नाही.

पुढे येल विद्यापीठात 1978 साली त्या खगोलशास्त्राच्या पहिल्या महिला प्राध्यापक झाल्या. त्याच वर्षी कॅन्सर निघाला. उजवा हात चालेना, तेव्हा त्या डाव्या हाताने लिहायला शिकल्या. शेवटचा शोधनिबंध तसाच लिहून काढला. 1981 च्या मार्चमध्ये त्या गेल्या, तेव्हा वय होतं 40.