टेलिमेडिसिन : ई-संजीवनी कशी चालते आणि खर्च कोण उचलतं?

वरंधच्या वर, घाटाच्या अंगाला असलेल्या एखाद्या वाडीतल्या आजीला दर महिन्याला बीपी दाखवायचं असेल, तर महाडला जाऊन येण्यात अख्खा दिवस जातो. एसटीचं भाडं, सोबत जाणाऱ्याचा बुडालेला रोज, शिवाय पावसाळ्यात रस्त्याची खात्री नाही. डॉक्टरांशी बोलणं मात्र दहा मिनिटांचं! हे बोलणं फोन किंवा व्हिडिओवरून होतं, त्याला टेलिमेडिसिन म्हणतात. ॲप तर कोणीही डाउनलोड करेल. पण ही सोय टिकून राहायला दोन गोष्टी लागतात : कायद्याची परवानगी आणि खर्च उचलणारं कोणीतरी.

परवानगी कधी मिळाली?

२०१८ मध्ये रत्नागिरीतल्या एका डॉक्टर दाम्पत्याचा अटकपूर्व जामीन मुंबई उच्च न्यायालयाने नाकारला. डॉक्टर हजर नसताना फोनवरून उपचार सांगितले गेले आणि बाळंतीण दगावली, असा आरोप होता. त्यानंतर फोनवर औषध सांगायला अनेक डॉक्टर कचरू लागले, कारण तेव्हा स्पष्ट नियमच नव्हते.

२५ मार्च २०२० ला, म्हणजे लॉकडाऊनच्या पहिल्याच दिवशी, केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यातल्या कामाच्या गोष्टी :

• व्हिडिओ, फोन आणि चॅट तिन्ही चालतात. कुठलं माध्यम पुरेसं आहे, हे डॉक्टर ठरवतात.
• चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवा.
• काही औषधं पहिल्या वेळी फक्त व्हिडिओवर तपासूनच देता येतात. नशा आणणारी, कडक नियंत्रणातली औषधं ऑनलाइन लिहून देताच येत नाहीत.
• छातीत कळ, साप चावणं अशा वेळी ऑनलाइन थांबू नका. थेट १०८ ला फोन करा.

ई-संजीवनी कशी चालते?

ही केंद्र सरकारची मोफत सेवा आहे. सॉफ्टवेअर सी-डॅकच्या मोहाली केंद्राने बनवलंय. वापरायचे मार्ग दोन.

पहिला, स्वतःच्या फोनवरून : मोबाईल नंबर टाका, ओटीपी द्या, टोकन घ्या, डॉक्टरांशी बोला. चिठ्ठी फोनवरच येते.

दुसरा, गावाजवळच्या आरोग्य उपकेंद्रातून (आता नाव आयुष्मान आरोग्य मंदिर). तिथले समुदाय आरोग्य अधिकारी बीपी-शुगर मोजतात आणि मोठ्या केंद्रातल्या डॉक्टरांना जोडून देतात. आजीसाठी हाच मार्ग बरा, कारण नुसत्या व्हिडिओ कॉलवर बीपी मोजता येत नाही, आणि उपकेंद्रात असलेलं औषध तिथेच मोफत मिळतं.

मग विम्याचं काय?

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ते मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन करायच्या ठरावीक उपचारांसाठी. खासगी ॲपवरच्या डॉक्टरांची फी त्यातून मिळत नाही. खासगी विमा असेल तर पॉलिसी वाचा : २०२० च्या जूनमध्ये विमा नियामकाने कंपन्यांना सांगितलं, की पॉलिसीत डॉक्टरांच्या सल्ल्याचा खर्च मिळत असेल, तर टेलिमेडिसिनचाही द्या. आणि ‘आभा’चा १४ अंकी नंबर म्हणजे विमा नव्हे. तो तुमच्या रिपोर्टची ओळख आहे.

थोडक्यात, गरिबाच्या टेलिमेडिसिनचा खर्च आपल्याकडे विमा उचलत नाही. तो सरकारी दवाखान्याच्या बजेटमधून होतो.

सोय बंद पडू शकते का?

अमेरिकेत पडली. तिथल्या ज्येष्ठांच्या मेडिकेअर योजनेत घरबसल्या डॉक्टरांना दाखवायची सवलत कोविडमध्ये सुरू झाली, पण तिला मुदत होती. संसद ती पुन्हा पुन्हा वाढवत गेली. ३० सप्टेंबर २०२५ ला मुदत संपली, सरकारी कामकाजही ठप्प झालं, आणि नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत बहुतेक सवलती लटकल्या. व्हिडिओ तसाच चालू होता. बिल कोण भरणार, हे कोणाला ठाऊक नव्हतं.

आपल्याकडे परवानगीला अशी मुदत नाही. आपला धोका वेगळा : उपकेंद्रातलं पद रिकामं, नेट बंद, औषध संपलेलं. २२ जुलै २०२१ च्या पावसात तळीयेवर दरड कोसळली, तेव्हा महाड तालुक्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही गेले होते. त्या दिवशी कुठलंच ॲप उपयोगाचं नव्हतं.

तुम्ही काय करू शकता?

• घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं ‘आभा’ काढून द्या. जुन्या चिठ्ठ्यांचे फोटो एका फोल्डरमध्ये ठेवा.
• रोजची औषधं पावसाळ्याआधीच थोडी जास्त मिळतील का, ते डॉक्टरांना विचारा.
• ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा : उपकेंद्रात अधिकारी रोज असतात का? नेटला बॅकअप आहे का? बीपी-शुगरची औषधं शिल्लक आहेत का?

या तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल, तर आजीची महाडची बरीचशी खेप वाचेल.