सगळीकडे दिसणारी पिवळी रेषा

ज्योतीत मीठ टाकलं की ती पिवळी होते, तांब्याचा क्षार टाकला की हिरवट, स्ट्रॉन्शियमचा टाकला की लाल. शोभेच्या दारूचे रंग यातूनच येतात. मग रंगावरून पदार्थ ओळखायचं शास्त्र उभं राहायला एवढा उशीर का लागला, हे आज आपण पाहणार आहोत.

अठराव्या शतकातच बर्लिनच्या मार्कग्राफ यांनी सोडा आणि पोटॅश ज्योतीच्या रंगावरून वेगळे ओळखले होते. एकाची पिवळी, दुसऱ्याची जांभळट. पण पुढे गाडं अडलं ते पिवळ्यापाशीच. लाकूड जाळा, कागद जाळा, हस्तिदंत जाळा, पिवळी रेषा हजर! १८२६ साली इंग्लंडच्या टॅल्बट यांना शंका आली, की ही रेषा पाण्यामुळे दिसत असावी. १८५६ मध्ये स्वान यांनी दाखवून दिलं, की पाण्याचा काही संबंध नाही. सगळ्या वस्तूंना लेशमात्र सोडियम चिकटलेलं असतं.

आता आपण हायडेलबर्गला जाऊ. बुन्सेन यांच्याकडे जवळजवळ बिनरंगी ज्योतीचा बर्नर होता आणि ते रंगीत काचांतून ज्योती पारखत. किरखोफ म्हणाले, लोलकातून पाहू. लिथियम आणि स्ट्रॉन्शियम दोघांच्या ज्योती नुसत्या डोळ्यांना लालच. लोलकातून मात्र त्यांच्या रेषा अगदी वेगळ्या जागी दिसतात.

मग त्यांनी खोलीच्या एका कोपऱ्यात फक्त ३ मिलिग्रॅम सोडियम क्लोरेट दुधातल्या साखरेबरोबर पेटवलं. काही मिनिटांत दूरच्या ज्योतीत पिवळी रेषा उमटली. हिशेब केला, तर मिलिग्रॅमच्या तीस लाखाव्या भागाहूनही कमी सोडियम पुरत होतं! म्हणजे टॅल्बट यांना चकवणारा घोटाळा हेच या पद्धतीचं बळ ठरलं. तिच्या जोरावर १८६० मध्ये ड्यूर्कहाइमच्या खनिज पाण्यात सीझियम सापडलं, १८६१ मध्ये रुबिडियम.

तारे कशाचे बनलेत हे माणसाला कधीच कळणार नाही, असं १८३५ मध्ये ऑग्युस्त कोम्त यांनी लिहिलं होतं. १८५९ मध्ये किरखोफ यांनी सूर्यप्रकाशातल्या काळ्या रेषांवरून सूर्यावर सोडियम असल्याचं दाखवलं. पुढे १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात, आपल्या गुंटूरला आलेल्या जान्सेन यांच्यासारख्या निरीक्षकांना सूर्याच्या कडेवर पिवळी रेषा दिसली. आधी ती सोडियमचीच वाटली. त्याच वर्षी लॉकयर यांनी इंग्लंडमधून नीट मापलं, तर जागा किंचित सरकलेली! तो हेलियम होता. पृथ्वीवर तो रॅमझी यांच्या हाती लागला १८९५ मध्ये. ती हकीकत पुढच्या व्याख्यानात पाहू.