प्रतोद
'तुद्' म्हणजे टोचणे. त्यावरून आलेला संस्कृत 'प्रतोद' म्हणजे जनावर हाकायची टोचणी, आपली पराणीच. संसदेत पक्षाच्या खासदारांना हाकणारा तो प्रतोद. त्याचा इंग्रजी 'व्हिप' कोल्ह्याच्या शिकारीतला: भरकटलेल्या कुत्र्यांना चाबकाने कळपात आणणारा तो 'व्हिपर-इन'. म्हणजे मागच्या बाकावरचा खासदार इंग्रजीत कुत्रा, मराठीत बैल. त्यातल्या त्यात बैल बरा! १९८५च्या ५२व्या घटनादुरुस्तीने पराणीला खरं टोक आलं: पक्षादेश मोडून मत दिलं आणि पक्षाने १५ दिवसांत माफ केलं नाही, तर खासदारकी धोक्यात. मतविभागणीत हिरवं, लाल की पिवळं बटण दाबायचं, हे आधीच ठरलेलं. बरीच विधेयकं तर आवाजी मतदानानेच उरकतात. कोण 'होय' म्हणालं, याची नोंदच नाही. खासदारातला माणूस दिसलाच तर प्रश्नोत्तराच्या तासात आणि खासगी विधेयकांत.