तपासणीचं कुळ

ट्रान्सजेंडर आणि नॉनबायनरी व्यक्तींच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्यांना हल्ली एक शिस्त शिकवतात. समोरच्याने आघात सोसलेला असणार हे धरूनच बोला. प्रश्न कशासाठी विचारताय ते आधी सांगा. कागदावरचं नाव नको, ती व्यक्ती सांगेल ते नाव वापरा. शस्त्रक्रिया झाली का, हे गरजेशिवाय विचारू नका. मुलाखत मध्येच सोडायची मुभा द्या. या शिस्तीची रूढ वंशावळ अमेरिकन आहे : व्हिएतनामहून परतलेले सैनिक, 1980 मध्ये मनोविकारांच्या यादीत पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा ताण-विकार, 2001 मध्ये हॅरिस आणि फॅलट यांचं पुस्तक, 2014 मध्ये तिथल्या सरकारी संस्थेची आघाताची जाण ठेवून काम करण्याची सहा तत्त्वं.

आपल्याकडचं कुळ मात्र मला एका कायद्याच्या व्याख्येत सापडलं. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागात हिजड्यांची नोंदवही ठेवायचा हुकूम होता. ‘युनक’ कोणाला म्हणायचं? जो पुरुष आपण नपुंसक असल्याचं स्वतः कबूल करील तो, किंवा वैद्यकीय तपासणीत तसा स्पष्ट दिसेल तो. म्हणजे एक तर कबुली, नाही तर डॉक्टर. सांगणं हाही कबुलीजबाबच! 1884 च्या खैराती खटल्यात तर बायकांच्या वेषात गाणाऱ्या माणसाला धरून सिव्हिल सर्जनकडून तपासून घेतलं आणि त्या तपासणीवर सत्र न्यायालयाने ‘अनैसर्गिक संभोगा’ची शिक्षाही दिली. अलाहाबाद उच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण गुन्हा कधी, कुठे, कोणाशी, याचा पुरावाच नव्हता.

यावर, समजा, विदर्भातला भंडाऱ्याचा वाचक मला अडवील. कायद्याचा तो दुसरा भाग वायव्य प्रांत, अवध आणि पंजाबसाठी होता. भंडारा तेव्हा मध्य प्रांतात. मान्य. पण कायद्याला हद्द असते, बघण्याच्या सवयीला नसते. 1916 मध्ये रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींचे चार खंड काढले. त्यातल्या हिजड्यांच्या नोंदीतही जन्मतः की नंतर झालेले, हा भेद आहेच. वहीच्या जागी ग्रंथ आला, एवढंच.

त्याहून विचित्र उसनवारी निजामाची. ब्रिटिशांच्या 1911 च्या नव्या कायद्यात हिजड्यांचा तो भाग उरला नाही. तरी हैदराबाद संस्थानाने 1329 फसलीत, म्हणजे 1919 च्या सुमारास, तोच साचा उचलला, कबुली-किंवा-तपासणी या व्याख्येसकट. संस्थानात तेव्हा आपला मराठवाडाही होता. मालकाने टाकलेला अंगरखा पाहुण्याने घालून मिरवावा, तसला प्रकार! तेलंगण उच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला 2023 मध्ये.

माझ्या सिद्धान्ताचा खरा प्रतिस्पर्धी अमेरिकन पुस्तक नव्हे, एचआयव्हीचं काम आहे. 1983 मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला एड्सच्या रुग्णांनीच मांडलं की आमच्याविषयीच्या निर्णयांत आम्ही असू. मुंबईत 1994 मध्ये लैंगिक अल्पसंख्यांसाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट उभा राहिला. समाजातल्याच माणसाने समाजातल्या माणसाशी बोलायचं, ही पद्धत अशा कामातूनच रुळली, आणि मुलाखतीची रीत घडवण्याचं श्रेय मी त्यांनाच देतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2017 च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांतही लैंगिक अल्पसंख्य हे विशेष काळजी घ्यावी अशा गटांत आहेत. पण दवाखान्यात तपासणी म्हटल्यावर माणूस का बिचकतो, याचं उत्तर त्या वाटेवर मिळत नाही. 1871 च्या त्या कलमापासून या धास्तीपर्यंतचा दुवा मी तर्काने जोडतो आहे; तरी तो मला पक्का वाटतो.

कारण 15 एप्रिल 2014 च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात, जिथे ठाण्याच्या ट्रान्सजेंडर कार्यकर्त्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी स्वतः पक्षकार होत्या, सर्वोच्च न्यायालयाने खैरातीची आठवण काढली आणि त्या जुन्या ‘किंवा’चा दुसरा पाय तोडला : ओळख ज्याची त्याने सांगायची. 2016 च्या ट्रान्सजेंडर हक्क विधेयकात जिल्हा छाननी समिती आली, तिच्यात वैद्यकीय अधिकारीही. ओरड झाली, समिती गेली. 2020 च्या नियमांनी प्रतिज्ञापत्रासह जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे भंडाऱ्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे, ओळख प्रमाणपत्रासाठी अर्ज करायची वाट दिली. त्यांत वैद्यकीय तपासणी नव्हती. पण 2019 च्या कायद्याच्या सातव्या कलमात, शस्त्रक्रियेनंतर स्त्री किंवा पुरुष म्हणून नोंद हवी असेल तर डॉक्टरचा दाखला जोडायचाच होता.